काचेखालचं तळं

आक्कांनी होडी धक्क्यापासून ढकलली, सवयीने थोडी आत नेली आणि तळाच्या काचेवरचं फडकं उचललं. खाली काहीच नव्हतं.

म्हणजे पाणी होतं, पण कुणी काचेला बाहेरून हिरवा रंग फासावा तसं ते काचेला चिकटून बसलं होतं. आक्कांना आधी वाटलं, काचच मळली असेल. त्यांनी ती फडक्याने पुसली, मग चष्मा काढून तोही पुसला. शेवटी वल्हं पाण्यात घातलं, तर पातं बुडताक्षणी दिसेनासं झालं.

लग्न होऊन त्या या तळ्यावर आल्या त्याला पन्नास वर्षं होत आली होती. तळं फार खोल नव्हतं, मधोमध दोन पुरुष पाणी असेल नसेल. पण नितळ असं, की आकाशातून खाली बघतोय असं वाटावं. तळाला काच बसवलेली ही होडी त्यांच्या सासऱ्यांनी बांधली होती. माणसं लांबून येत, बाकांवर बसून पायांमधल्या काचेतून खाली बघत आणि चांगली पोक्त माणसंसुद्धा पोरांसारखी ओरडत. खाली पाणगवताचं रान डुलत असे. त्यातून माशांचे थवे निघत आणि पुन्हा त्यातच शिरत. एका जागी ॲल्युमिनियमची किटली पडलेली होती. आक्कांच्या सासूबाईंनी ती रागाच्या भरात होडीतून भिरकावली होती. रागाचं कारण सगळे विसरले, किटली राहिली. "हे आमच्या घरचं भांडण," आक्का लोकांना दाखवत, "अजून मिटलेलं नाही बघा."

आदल्या दिवशी वारं सुटलं होतं. वाऱ्याने गाळ उठतो हे काही आक्कांना नवं नव्हतं. दोन दिवस ऊन पडलं की तो आपला आपण बसतो. त्या परत फिरल्या.

"आई, इतक्यात आलात?" तिकिटाच्या खिडकीतून सुनेने विचारलं.

"गाळ उठलाय. आजच्या फेऱ्या रद्द कर."

"सगळ्या?"

"सगळ्या. उद्या निवळेल."

दुसऱ्या दिवशी निवळलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पुढच्या आठवड्यात मासे पोट वर करून काठाला लागले आणि वासाने खिडक्या बंद ठेवायची वेळ आली. आक्का रोज सकाळी होडी काढत, फडकं उचलत, परत टाकत आणि घरात येऊन म्हणत, "उद्या निवळेल."

सून ते ऐकून आपल्या कामाला लागे. तिचा नवरा, म्हणजे आक्कांचा मुलगा, जहाजावर नोकरीला होता आणि वर्षातून दोनदा घरी येई. ती शहरात बँकेत होती, चांगल्या टेबलावर. मागच्या वर्षी आक्कांचे गुडघे धरले, तेव्हा आक्कांनीच तिला गळ घातली होती. "बँक तुला एक दिवस हार घालून घरी पाठवील. तळं नाही पाठवणार. ते कुठं जातंय?" ती आली. तिने बाक रंगवले, फोनवर तिकिटं सुरू केली, वल्ह्याने तळहाताला घट्टे पाडून घेतले. आता तिच्या फोनवर दिवसभर एकच काम होतं: लोकांची माफी मागायची.

शेवटी आक्कांच्या धाकट्या दिरांनी पाणी तपासणाऱ्या बाईंना बोलावलं. या दिरांना सगळे भाऊजीच म्हणत. बाई गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आल्या. त्यांनी दोरीला बांधलेली एक काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडली. हातभर खाली गेली न गेली तोच ती दिसेनाशी झाली. मग त्या बाकावर बसल्या आणि त्यांनी विचारलं, "इथलं गवत कुठं गेलं?"

"कापलं की," भाऊजी म्हणाले.

लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. चार-पाच वर्षांपूर्वी लोक कुरकुरायला लागले होते, की नुसतं गवतच दिसतं हो. भाऊजींनी आपल्या मोटरबोटीला पाती जोडून एक पट्टा साफ केला. खाली पांढरी वाळू निघाली, शिंपले निघाले, किटली लख्ख दिसायला लागली. लोक खूश. पुढच्या वर्षी आणखी एक पट्टा, मग पोहणाऱ्यांसाठी एक, मासे पकडणाऱ्यांसाठी एक. दर वर्षी आक्का धास्तावून काचेतून बघत आणि पाणी होतं तसंच असे. "बघितलंत ना वहिनी?" भाऊजी म्हणत. "कटिंग करून आल्यासारखं टवटवीत दिसतंय." या वर्षी त्यांनी शेवटचा पट्टा उतरवला होता.

"वरच्या बागांमधून खत उतरतं ना?" बाईंनी विचारलं.

"ते काय आजचं आहे?" भाऊजी म्हणाले. "आमच्या वडिलांपासून उतरतंय."

"आणि इतकी वर्षं ते गवत खात होतं. गाळही तेच मुळांनी धरून बसलं होतं."

"अहो, पण दर वर्षी कापलं! तेव्हा काही म्हणजे काही झालं नाही."

"तेच तर. थोडं कापलं की थोडं गढूळ, असं झालं असतं तर तुमच्या लक्षात आलं असतं. तळं तग धरतं, धरतं, आणि मग एका वाऱ्याचं निमित्त होतं."

भाऊजींचा चेहरा पडला. "बरं, आजपासून बंद. पातीच काढून टाकतो. गवत पुन्हा येईल."

"यायला तळाशी ऊन पोचायला हवं. ऊन पोचायला पाणी नितळ हवं. आणि पाणी नितळ व्हायला—"

"गवत हवं," सून म्हणाली.

आक्का तिकडे हिरव्या पाण्याकडे बघत राहिल्या. घरातली माणसं गेली ती सांगून गेली होती. आधी खोकला, मग डॉक्टर, मग पथ्यपाणी, मग कुजबुज. हे तळं संध्याकाळी धडधाकट होतं आणि सकाळी ओळख देईना.

बाई जाताना म्हणाल्या की एक कोपरा जाड कापडाच्या पडद्याने अडवून बघता येईल. गाळ उकरणारे मासे बाहेर काढायचे, आतलं पाणी स्थिर होऊ द्यायचं, गवताची रोपं लावायची. काही तळ्यांमध्ये जमलंय, काहींमध्ये नाही. किती वर्षं लागतील ते त्यांना सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी सून ओट्यापाशी भांडी विसळत होती. आक्का खुर्ची ओढून बसल्या. दिवसभर जे वाक्य त्या मनात घोळवत होत्या, ते एकदाचं त्यांनी बाहेर काढलं.

"मी काय म्हणते, तुझी नोकरी परत मिळते का विचारून बघ."

सुनेने नळ बंद केला. "विचारलं."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात. सोमवारपासून या म्हणाले."

आक्का तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. त्या पहिल्या सकाळी काचेवरचं फडकं उचललं, तेव्हाही असंच झालं होतं. काल दुपारी ही पोरगी भाऊजींच्या विनोदावर हसत होती. परवा आक्कांच्या गुडघ्यांना तेल चोळत होती.

"मला नाही सांगितलंस."

"कसं सांगू, आई?" ती वळली. तिचे डोळे लाल झाले होते. "तुम्ही रोज सकाळी येऊन म्हणायचात, उद्या निवळेल. मला वाटायचं, निवळलं तर सांगायची वेळच येणार नाही."

आक्कांच्या तोंडाशी बरंच काही आलं. तुला इथं मीच ओढून आणलं, हे आलं. मग मला एकटीला टाकून जाणार का, हेही आलं. ते त्यांनी महत्प्रयासाने गिळलं.

"ती माळ्यावरची बॅग खाली काढ," त्या म्हणाल्या. "कुबट वास येत असेल तिला. उद्या उन्हात ठेवू."

"काढते मी. तुम्ही स्टुलावर चढू नका हां."

"मी कशाला चढतेय."

सुनेने पदराला हात पुसले. "आणि तुम्ही काय करणार इथं?"

"त्या बाई पडदा लावायला येतील ना? एक टोक भाऊजी धरतील," आक्का म्हणाल्या. "दुसरं कुणी धरायचं?"