आत्यापुढं तोंड उघडायचं नसतं

लहान पोरांना शिकवायचं शास्त्र शिकायला वासेमाका बेटावरून राजधानीत, सुवाला गेली, आणि तिथं तिच्या पदरात पडले सगळ्या जगाचे प्रश्न. समुद्र चढतोय, बेटं बुडतायत, आणि या सगळ्यात चार वर्षांच्या पोराचं काय होतं, हा तिच्या एम.ए.चा विषय. तो ऐकून आई म्हणाली होती, "बाई गं, एवढं सगळं तू एकटीच शिकणारेस?"

नामोलीकूला हे तिचं गाव. खालची घरं भरतीनं कधीच गिळली होती, उरलेलं गाव टेकडीवर हलवायचं ठरलं होतं. पैसा एका परदेशी संस्थेचा. घरांचं नक्की होतं, बालवाडीचं मात्र अडलं होतं. तिथली मुलं किती तयार होतात ते आधी तपासा, मग वर नवी बांधायची का ते बघू, असं संस्थेनं कळवलं. तपासायचं काम वासेमाकाच्या प्रोफेसर हार्डविक बाईंकडं आलं. बाई खुशीत म्हणाल्या, "तुझंच गाव ना? मग तूच जा. परक्यापुढं मुलं बुजतात, तुझ्याशी मोकळी बोलतील."

आता घ्या! बाई बाहेरच्या, त्यांचं सोडा. पण वासेमाकाला तरी कळायला नको? त्या गावात आत्या म्हणजे देवाच्या खालोखाल. आत्या समोर आली की मान खाली, नजर जमिनीवर आणि तोंड बंद. आत्यापुढं बडबडणाऱ्या पोराला वळण नाही म्हणतात, आणि त्याच्या आईचा उद्धार होतो तो वेगळाच. भावांच्या आणि चुलतभावांच्या नात्यानं वासेमाका अर्ध्या गावाची आत्या. पण सुवात राहून तिला वाटायला लागलं होतं की आपण आता विद्यार्थिनी, आत्या फक्त सुट्टीपुरती.

बालवाडी चालवायची तिची भावजय तोरिका. नणंद-भावजयांनी एकमेकींची यथेच्छ टर उडवायची, ही तिथली रीतच. वासेमाका होडीतून उतरायच्या आत तोरिका सुरू झाली. "या, या, मडमबाई! पायाला चिखल लागेल हो, उचलून घेऊ का?"

"उचल की! दालोचा कंद हादडून हादडून ताकद बरी साठलीय अंगात."

"तुझ्या भावानं ठेवला तर हादडीन ना!"

दोघी खिदळत बालवाडीत गेल्या, आणि हसणं तिथंच संपलं. वासेमाका चटईवर बसली तशी आतली किलबिल थांबली. पहिली पुढं आली तालेई, तोरिकाची धाकटी. वासेमाकानं होडीचं चित्र समोर धरलं. "हे काय आहे, बाळा?"

होडीवाल्याची पोर ती, होडीतच वाढलेली. मान खाली घालून चटईचा काठ बघत बसली. मासा दाखवला, नारळ दाखवला, आई दाखवली. शब्द नाही. तिच्यामागून आलेलं एकेक पोर तसंच. उत्तर नाही तर शून्य, असा नियम होता.

"अगं, मी विचारते ना," तोरिका कळवळून म्हणाली. "घरात हिच्या बडबडीनं डोकं उठतं माझं!"

"नाही चालत. शिक्षिकेनं विचारलेलं धरत नाहीत. म्हणतात, शिक्षिका मुलांना सांभाळून घेते."

"मग काय तुझं धरतात? आत्या आहेस तू त्यांची, बये! आत्या!"

काय घोळ झालाय ते वासेमाकाला त्या क्षणी लख्ख कळलं. तरी तिनं शून्यं भरली. प्रबंधात सगळं नीट समजावून लिहू, शिकलेली माणसं आहेत, वाचतील, अशी तिनं मनाची समजूत घातली.

हार्डविक बाईंना तर ते फारच आवडलं. "किती सुंदर निरीक्षण! 'अभ्यासाच्या मर्यादा' या प्रकरणात घाल." तिनं घातलं. पहिला वर्ग मिळाला, टाळ्या पडल्या. संस्थेनं मर्यादा वाचल्या नाहीत, शून्यं वाचली. या मुलांना भाषाच येत नाही, मग टेकडीवर बालवाडी कशाला? पोरांना शहरातल्या मोठ्या केंद्रात धाडा, असा निर्णय झाला. वासेमाकानं फोन केले, पत्रं लिहिली, हातापाया पडली. तिकडून एकच उत्तर, निधी आता दुसरीकडं गेला.

आया काही चार वर्षांची पोरं एकटी धाडणार नव्हत्या. पोरांबरोबर त्याही निघाल्या. टेकडीवरची नवी घरं उभी राहणार होती, राहायला म्हातारे.

वासेमाका देवमाशाचा दात घेऊन गावी आली. काकांनी तिच्या वतीनं तो पंचांपुढं ठेवून क्षमा मागितली. दात पुढं आला की नाही म्हणायची पद्धत नाही. "ऊठ पोरी, झालं गेलं," म्हातारे म्हणाले आणि सगळ्यांनी मिळून प्यायच्या यंगोनाचा वाडगा फिरला. झालं! कुणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. कुणीतरी झोडपून काढावं म्हणून तिचा जीव तडफडत होता.

मग ती तोरिकाच्या दारात गेली. तोरिका बोचकं बांधत होती. "बसा," ती म्हणाली. "चहा ठेवू का तुमच्यासाठी?"

थट्टा नाही, टोमणा नाही, साधं 'मडमबाई'सुद्धा नाही. वासेमाकाला उंबऱ्यातच रडू फुटलं. तोरिका गाठी मारत राहिली.

सकाळी मोठी होडी लागली. वासेमाका फणसाच्या झाडाआड उभी होती. पलीकडून तालेईचा आवाज येत होता, अखंड, धबधब्यासारखा. "ही होडी बाबांच्यापेक्षा मोठीये, पण हिला शीडच नाही! आई, मासे झोपतात का? नारळ घेतलास ना? तिथल्या समुद्राला आपलं नाव माहितीये का?"

राहवेना म्हणून वासेमाका पुढं आली. आवाज तुटला. वाट अरुंद, आणि होडी वासेमाकाच्या पलीकडं. तालेईनं आईचा हात सोडला, गुडघ्यांवर हात टेकून कंबरेत वाकली, आणि वडीलधाऱ्यांसमोरून जाताना म्हणायचं असतं तसं, जमिनीकडं बघत, हळूच म्हणाली,

"माफ करा, आत्या."

तालेई तिच्याशी बोलली ते एवढंच.