शिक्रापुरात अडकलेलं रीळ

रडायचं पिक्चर लागलं की तळेगाव ढमढेऱ्याच्या बायका दुपारीच भाकऱ्या थापून मोकळ्या व्हायच्या. आता तुम्ही म्हणाल, घरात रडायला कारणं कमी होती का? मुळीच नाही. पण घरात डोळे पुसले की चारजणी विचारतात, काय गं झालं? पिक्चरच्या तंबूत कुणी विचारत नाही, कारण विचारणारीच्याही तोंडाला पदर असतो. महबूब आतार वीस वर्षं तंबूत मशीन चालवत होता, त्याला हे पक्कं ठाऊक होतं. त्याच्या स्वतःच्या डोळ्याला मात्र कधी पाणी आलं नव्हतं. मशीनवाला रडत बसला तर मशीन कोण बघणार?

१९९३च्या हिवाळ्यात बहीण-भावाचं एक कोरं पिक्चर आलं. भावजय स्वतःच्याच पाटल्या लपवते, आळ नणंदेवर घेते आणि भाऊ बहिणीला उंबऱ्याबाहेर काढतो. शिळ्याच भाजीला नवी फोडणी. तरी तंबू गच्च! मधे कापड बांधलेलं, अलीकडं बायका, पलीकडं गडीमाणसं. सणसवाडीच्या कंपन्यांतली परप्रांतातली पोरंसुद्धा येऊन बसली होती. त्यांना मराठी निम्मंच कळायचं, पण रडायला भाषा कशाला लागते?

सगळ्यात पुढं धुरपदा म्हातारी. धनगरवाडीची, मेंढरं कधीच विकलेली, पण घोंगडी अजून सोबत. ती घोंगडीवर मांडी घालून बसायची आणि पडद्याला शिव्या द्यायची. "आरं मुडद्या, बायकुच्या नादानं बहिणीला काढतुस व्हय? किडं पडतील!" तिची शिवी ऐकायला म्हणून काही लोक पिक्चरला यायचे, हे खोटं नाही.

मालक रखमाजीशेठचे तंबू दोन, एक शिक्रापुरात, एक तळेगावात, आणि पिक्चरची पेटी एकच. म्हणून शिक्रापूरचा खेळ अर्धा तास आधी सुरू करायचा. तिथं रीळ संपलं की शेठचा गडी संपत ते राजदूत फटफटीवर बांधून तळेगावला पळवायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. त्या दिवशी मात्र हमरस्त्यावर उसाची ट्रॉली पलटी झाली आणि शेवटचं रीळ घेऊन संपत पलीकडंच अडकला.

पडद्यावर तेव्हा काय चाललं होतं? पाटल्या सापडल्या होत्या. भावाला सगळं कळलं होतं, तो बहिणीच्या गावाकडं धावत सुटला होता, आणि पडदा पांढरा झाला.

पाच मिनिटं लोकांनी वाट बघितली. मग शिट्ट्या सुरू झाल्या. मग एक चप्पल पडद्यावर आली. "आगे क्या हुआ, भाई?" एकजण ओरडला. "पैसं परत द्या!" दुसरा. पुढची पायरी म्हणजे तंबूची दोरी कापणं, हे महबूबला अनुभवानं माहीत होतं. त्यानं जाहिरातीचा माइक उचलला.

"रीळ येतंय, मंडळी. तवर पुढली गोष्ट मी सांगतो."

पिक्चर त्यानं बघितलं होतं कुठं? पेटी तर दुपारीच आली होती. पण असली शंभर पिक्चरं त्याच्या हातून गेली होती. भाऊ दाराशी जाईल, बहीण म्हणेल दादा, संपलं. त्यात काय अवघड?

"भाऊ बहिणीच्या दाराशी गेला," तो म्हणाला. शिट्ट्या थांबल्या. "दार बंद हुतं. त्यानं कडी वाजवली."

"मंग काय म्हनला?" धुरपदा ओरडली.

काय म्हणाला? महबूबच्या डोळ्यांसमोर पिक्चरातलं दार येईना. दौंडमधलं रेल्वेच्या चाळीतलं हिरवं दार आलं. त्या दारावर तो सहा वर्षांत गेला नव्हता.

तिथं त्याची थोरली बहीण राहायची, रजिया. सहा वर्षांपूर्वी पहाटे अम्मी गेली, तेव्हा दौंडला फोन करून निरोप दिला होता. जमातीतली म्हातारी माणसं म्हणाली, असरच्या, म्हणजे दिवस कलतीच्या नमाजापर्यंत थांबू, लेक पोचेल. महबूब म्हणाला, नको, मय्यत ताटकळत ठेवू नये असं धर्म सांगतो, दुपारीच उरकू. रजिया चारला पोचली, तेव्हा कबरीची माती अजून ओली होती. ती म्हणाली, "अम्मीचं तोंड बघायचं ऱ्हायलं माझं. आता तुझं बघायचं न्हाई." आणि आल्या पावली निघून गेली.

"सांग की रं, काय म्हनला?" धुरपदा पुन्हा.

"तो म्हणाला, आपा, मी खोटं बोललो," महबूबच्या तोंडून निघालं. "थांबता आलं आसतं. दोन-तीन तासांचाच तर सवाल हुता. पण संध्याकाळी न्हावऱ्याच्या जत्रंत पहिला खेळ हुता, मशीनला दुसरं कुणी नव्हतं. धर्माचं नाव फुकट पुढं केलं मी. तुला आईचं तोंड बघू दिलं न्हाई."

बायकांच्या बाजूला एकजण म्हणाली, "आवो, आई तर पयल्याच रिळात मेली की! आन् जत्रा कुठली काढली ह्यानं?"

माइकमधून नुसता महबूबचा श्वास ऐकू येत होता, सगळ्या तंबूला. लाजेनं मेल्यासारखं झालं त्याला.

"गप गं भवाने," धुरपदा त्या बाईवर खेकसली. मग हळू आवाजात महबूबला म्हणाली, "सांग लेका. दार उघडलं का तिनं?"

"ठावं न्हाई," महबूब म्हणाला. "तेवढं रीळ आलं न्हाई."

कुणी हसलं नाही. चप्पलही आली नाही. तेवढ्यात बाहेर राजदूत फटफटली आणि घामाघूम संपत रीळ घेऊन आत शिरला.

खऱ्या शेवटात बहिणीनं भावाच्या मांडीवर डोकं ठेवलं, दोन कडव्यांचं गाणं म्हटलं आणि जीव सोडला. बायका रडल्या, रिवाज म्हणून रडल्या. उठताना धुरपदा घोंगडी झटकत मशीनपाशी आली.

"पिक्चर लिवणारा बी आसंच कुणाचं तरी घर बघून लिवत आसंल," ती म्हणाली. "पर त्याची बहीण मेली. तुजी हाय न्हवं जित्ती?"

"हाय."

"मंग हितं काय करतुस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी महबूबनं न्हावऱ्याची एसटी धरली, तिथून दौंडची. हिरवा रंग जाऊन दाराला आता निळा लागला होता. रजियानं दार उघडलं आणि चौकटीतच उभी राहिली. केस पांढरे झाले होते तिचे. महबूबनं काल माइकवर सांगितलं होतं तेच सगळं पुन्हा सांगितलं, पण काल जमलं तसं जमलं नाही, मधेच दोनदा अडखळला.

"मला ठावं हाय," रजिया म्हणाली.

"कसं?"

"त्या दिशी येताना न्हावऱ्यात एसटी थांबली, तवा तुमची तंबूची जीप भोंगा लावून फिरत हुती. आज पहिला खेळ, आज पहिला खेळ. तवाच कळलं, तू थांबला नसशील." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुझ्या तोंडनं ऐकायचं हुतं फकस्त. त्याला सहा वर्षं लागली व्हय रे?"

महबूब मान खाली घालून रडत होता. तीही रडत होती.

"आन् आजच कसं सुचलं?"

"एक पिक्चर आलंय, आपा. बहीण-भावाचं. भाऊ माफी मागाय जातो."

"मंग? काय करती ती?"

"मरती. गाणं म्हणून, भावाच्या मांडीवर."

"येडी हाय," रजिया म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. "आत ये. चपला भाईरच काढ, आत्ताच फरशी पुसलीय."