कोणी आणलं

माझ्या धाकट्या मुलीचं, ग्रेसीचं, लग्न झालं त्या वर्षी आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटरचं काम सुरू झालं. २०२२ साल. लग्नामुळेच सुरू झालं म्हटलं तरी चालेल.

नवापूरच्या डोंगरपट्टीत, गुजरातच्या हद्दीजवळ, एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना आहे. मी तिथे आयाबाई. माझा थोरला भाऊ आमश्या कार्डांच्या खोलीत. मी चर्चला जाते, तो देवमोगरा देवीच्या यात्रेला जायचा. पण दवाखान्यात आम्ही एकाच वर्षी लागलो. मी अक्षरं शिकले शेहेचाळिसाव्या वर्षी, नर्सबाईंकडून. आमश्या शिकलाच नाही. त्याला आकडे येत, अक्षरं नाहीत. तरी एकोणीस हजार कार्डं त्याच्या हाताखाली होती. दारात माणूस उभं राहिलं की तो दोन-तीन गोष्टी विचारायचा, उठायचा आणि खणातून कार्ड काढून द्यायचा. कार्ड म्हणजे त्या माणसाची सगळी जुनी दुखणी.

लग्नाला मामा हवाच. आमश्याने चार दिवस सुट्टी घेतली. त्याच चार दिवसांत जमनाबाई नावाची बाई पायाची जखम घेऊन आली. कार्डांत जमना दोनशेच्या वर. कंपाउंडर जोएलने तासभर खण उपसले, शेवटी नवं कार्ड केलं. तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि ती डोळ्यांदेखत सुजली, श्वास घेईना. तीन दिवस ऑक्सिजनवर राहून वाचली.

आमश्या परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर अजून हळद होती. ऐकलं, उठला, आणि पाणी पिऊन होईपर्यंत कार्ड काढून आणलं. अकरा वर्षांपूर्वीचं. त्यावर लाल शाईत लिहिलेलं होतं की हिला पेनिसिलिन देऊ नये. ते कार्ड तो बराच वेळ धरून बसला.

डॉक्टर हेमकांत त्याच्याजवळ स्टूल ओढून बसले. "आमश्या, तू लग्नाला गेलास तर हे झालं. कायमचा गेलास तर?"

आमश्याचं हृदय कमजोर झालं होतं. फार तर दोनेक वर्षं उरलीत, असं डॉक्टरांनीच त्याला सांगितलेलं.

"तेच बघतोय साहेब," तो म्हणाला. "माझ्या डोक्यातलं माझ्यासोबत जळायला नको."

मग कार्डं कॉम्प्युटरवर घ्यायला डॉक्टरांनी रूपालीला बोलावलं. शहाद्याकडची, नाशिकला शिकलेली, अठ्ठावीस वर्षांची असेल. तिने तीन आठवड्यांत कॉम्प्युटर तयार केला, नमुन्याला दोनेक हजार कार्डांवरची नावं त्यात भरली. तो विचारायचा नाव, आडनाव, जन्मतारीख, गाव. बाजाराच्या दिवशी पहिल्यांदा चालवला. आमच्याकडे जन्मतारीख कोणाला माहीत? ज्यांना माहीत ती सगळी एक जूनची, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच लिहिली. एका म्हाताऱ्याचं आडनाव गावित टाकलं तर एक जूनला जन्मलेल्या चौऱ्याऐंशी गावितांची यादी निघाली.

"रूपालीताई," जोएल म्हणाला, "एक जूनला अख्ख्या तालुक्याचा एकच केक कापू."

रांग सडकेपर्यंत गेली. पोरं रडत होती, म्हातारे चिडले होते. रूपालीने दुपारी कॉम्प्युटर बंद केला, रांगेसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी आहे." मग आमश्याकडे वळून, "काका, तुम्ही बसा." शिकलेल्या माणसाने असं भरल्या रांगेसमोर म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने आमश्याला विचारलं, "काका, तुम्ही कार्ड शोधता कसं?"

"शोधत नाही. काढतो."

"पण कसं?"

"तू भाकरी कशी चावतेस ते सांग आधी."

ती हसली आणि स्टूल घेऊन त्याच्या शेजारी बसली. पाच आठवडे बसली. तो माणसांना काय विचारतो ते शब्दाला शब्द वहीत लिहायची. जोएल येताजाता टोकायचा, "ताई, नोकरी कॉम्प्युटरची का आमश्याकाकाची?"

"सध्या काकांची," ती वहीतून मान वर न काढता म्हणायची. आईचा फोन आला की अहिराणीत सांगायची, "आई, मन्हं काम बाकी शे. अजून शिकी ऱ्हायनू."

पाचव्या आठवड्यात तिने वही मिटली आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. "काका तीनच गोष्टी विचारतात," ती म्हणाली. "आईचं माहेर कोणतं. तुझ्या जन्माच्या साली काय झालं होतं. आणि पहिल्यांदा इथे तुला कोणी आणलं."

"मी हे विचारतो?" आमश्यालाच नवल वाटलं.

"रोज, काका. नाव विचारतच नाही तुम्ही."

खरंच होतं. बाईचं नाव सासरी बदलतं, गाव बदलतं, पण आईचं माहेर बदलत नाही. आणि आमच्या पाड्यांवरचं माणूस दवाखान्यात पहिल्यांदा एकटं येत नाही. कोणीतरी हाताला धरून आणतं, आणि तो माणूस जन्मभर लक्षात राहतो. आमश्याने खण त्याच हिशेबाने लावले होते. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची खूण. कमलबाई दाईने आणलेल्यांना दोन बांगड्या, जीपवाल्या सुरुपसिंगने आणलेल्यांना चाक. मी इतकी वर्षं ती खोली झाडली. मला वाटायचं, बसल्या बसल्या हात चालवतो.

मग सालांची यादी करायची ठरली. आमश्या सांगायचा, मी लिहायची. दुष्काळात लाल मिलो ज्वारी खाल्ली ते साल, १९७२. जिल्हा वेगळा झाला ते साल, १९९८. बर्ड फ्लूच्या साथीत कोंबड्या पुरल्या ते साल, २००६. ही सगळ्यांना माहीत असलेली सालं. पण बोरपाड्याची विहीर खचली ते साल बोरपाड्यालाच माहीत. ती रूपाली रांगेतल्या माणसांना विचारून पडताळून घ्यायची. त्रेसष्ट ओळी झाल्या. माझी अक्षरं वाकडी, म्हणून मी वही द्यायला लाजत होते.

"मावशी, कॉम्प्युटरात हेच जाणार आहे," ती म्हणाली आणि वही पिशवीत टाकली.

तरी तिने लगेच कॉम्प्युटरला हात लावला नाही. आधी पुठ्ठ्याचा केला. पुठ्ठ्यावर चौकोन काढले, ते आमश्यासमोर ठेवले. तो बोट ठेवायचा, ती तो पुठ्ठा उचलून दुसरा ठेवायची. सगळा दवाखाना बघायला जमायचा. जोएल म्हणाला, "हाच राहू द्या ताई. लाइट गेली तरी चालेल." आमश्याचं बोट जिथे अडायचं तो पुठ्ठा ती फाडायची. सहा वेळा सगळं फाडलं. स्वतःच्या हाताने केलेलं असं न कुरकुरता फाडणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

सातव्या वेळी तिने अक्षरांशेजारी आमश्याच्या खुणा काढल्या. बांगड्या, चाक, सगळ्या एकेचाळीस.

"माझ्यासाठी कशाला एवढं?" तो म्हणाला. "मी किती दिवस?"

"तुम्हाला चालवता आलं तर कोणालाही येईल, काका."

एकोणीस हजार कार्डं भरायला पावसाळ्यापासून होळीपर्यंतचा वेळ गेला. आम्ही सगळ्यांनी भरली, मीसुद्धा, एका बोटाने. त्यानंतर रूपालीने जुनं बंद करू दिलं नाही. दोन महिने दोन्ही चाललं. माणूस आलं की इकडे आमश्या उठायचा, तिकडे नर्सबाई कॉम्प्युटरवर. कोणाला आधी सापडलं ते भिंतीवर खडूने लिहायचं. पहिल्या आठवड्यात आमश्याच्या दोनशे बारा रेघा, कॉम्प्युटरच्या नव्वद. त्याने मिशीवरून हात फिरवला. रूपालीने ती नव्वद सोडून बाकीची सगळी माणसं एकेक तपासली, कुठे अडलं ते बघितलं, दुरुस्त केलं. आठव्या आठवड्यात रेघा बरोबरीला आल्या.

त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, त्याला वाईट वाटलं असेल. तर तो म्हणाला, "हन्ना, आज तीन माणसं मला आठवलीच नाहीत. त्याने काढली." थोडं चालला आणि म्हणाला, "शिकलं कार्टं."

भादव्यात त्याची छाती भरून आली आणि त्याला सुरतेला नेलं. तिसऱ्याच दिवशी उच्छलकडचा एक माणूस बायकोला उचलून घेऊन आला. ती तापाने बेशुद्ध. नाव काजल. जुनी दुखणी त्याला माहीत नव्हती. "लग्नाआधी इथे यायची म्हणे," एवढंच म्हणाला. नर्सबाई तिच्याजवळ, जोएल इंजेक्शन भरत होता. डॉक्टर माझ्याकडे वळले. "हन्नाबाई, कार्ड."

मी कॉम्प्युटरपुढे बसले. मला जमनाबाईचा सुजलेला चेहरा दिसत होता.

"हिच्या आईचं माहेर?" मी नवऱ्याला विचारलं.

"उंबरपाडा."

"जन्म कोणत्या सालचा?"

"जिल्हा वेगळा झाला त्या सालचा, असं सासू म्हणते."

"इथे पहिल्यांदा कोणी आणलं?"

त्याने बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "तिच्या माहेरी कोणी दाई होती. तिचं नाव घेते कधी कधी. कमलबाई."

मी बांगड्यांवर बोट ठेवलं. तीन नावं आली, त्यांत एक काजल. उघडलं तर वर लाल पट्टी. मी मोठ्याने वाचलं, "पेनिसिलिन देऊ नये." जोएलने हातातली सुई बाजूला ठेवली. डॉक्टरांनी दुसरं औषध लावलं.

ती स्थिर झाल्यावर मी सुरतेला फोन लावला. "दादा, उंबरपाड्याची काजल..."

"बांगड्या," तो धापा टाकत म्हणाला. "खालून दुसरा खण. लाल शाई आहे, हन्ना, ते इंजेक्शन देऊ नका!"

"दिलं नाही. सापडलं."

 

"किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं."

"मला एक लागलं असतं," तो म्हणाला आणि हसला. हसताना खोकला आला. मग म्हणाला, "रूपालीला कळव. आजच कळव."

काजल आठव्या दिवशी चालत घरी गेली. आमश्या सुरतेहून परतला आणि जमेल तसा त्या खोलीत येऊन बसू लागला. कार्डं काढायची नव्हती. आलेल्या माणसांशी बोलायचा, कोणाचं काय चाललंय विचारायचा.

सालांच्या यादीत मी नंतर एक ओळ वाढवली: आमश्या गेला ते साल, २०२४. रूपालीने ती माझ्या वहीतून जशीच्या तशी कॉम्प्युटरात घातली. माझा भाऊ आमश्या १२ जानेवारी २०२४ ला, शुक्रवारी सकाळी, आमच्याच दवाखान्यात वारला.