बेटावरची हजेरी

बाबा पक्षी मोजत आणि त्या मोजण्याला हजेरी म्हणत. तुर्भ्याच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं टाइम ऑफिसमध्ये काढली होती. कोण आलं, किती वाजता आलं, कोणाचा खाडा झाला, हे लिहिण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटेना, तेव्हा त्यांनी ती तळवलीच्या खाडीवर नेली.

या खाडीत कासवी नावाचं एक बेट आहे. बेट म्हणायचं ते ओहोटीपुरतंच. भरतीला त्याचा पत्ता नसतो. पाणी उतरलं की कासवाच्या पाठीसारखा गाळाचा उंचवटा वर येतो, दोन मैदानांएवढा. हिवाळ्यात त्यावर कुरव उतरत. पांढरे, करड्या पंखांचे समुद्रपक्षी. लडाखच्या तळ्यांवरून, त्याच्याही पलीकडून येत आणि मार्चअखेर परत जात. बाबा कोपरखैरण्याहून सायकलने तळवलीला जात, तिथून देवजीकाकांच्या होडीतून बेटाजवळ. मोजून झालं की रजिस्टरमध्ये एक ओळ. तारीख, वेळ, पाणी, पक्षी, संख्या. अशा चौदा हिवाळ्यांच्या ओळी.

माझ्यापाशी त्यातल्या शेवटच्या दोन हिवाळ्यांच्या आठवणी जास्त आहेत, आणि त्या बहुतेक फोनवरच्या आहेत. २०२३च्या नोव्हेंबरात माझं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर मी कामोठ्याहून रोज संध्याकाळी सातला बाबांना फोन करायला लागले. आई नव्हती. झालेल्या गोष्टीबद्दल आम्हा दोघांनाही बोलता येत नसे. मी विचारायचे, "आज हजेरी किती?" ते आकडा सांगायचे. नऊशे ऐंशी. हजार साठ. मी डोळे मिटून पडून राहायचे. इतक्या लांबून इतके जीव धडपणे पोचले, एवढाच विचार करत. दोन हिवाळे मी या आकड्यांवर काढले.

गेल्या सप्टेंबरात बाबा गेले. विहारात पुण्यानुमोदन झालं, नातेवाईक गावी परतले, आणि मी रजिस्टरं कामोठ्याला आणली. कॉलेजातून आल्यावर रोज थोडी पानं संगणकावर उतरवत होते. कोणी सांगितलं नव्हतं. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

मग नमिताचा फोन आला. ती वकील आहे, खाडी वाचवणाऱ्या एका गटाचं काम फुकट करते. कासवीला संरक्षित पाणथळींच्या यादीत ठेवायचं की नाही, हे एक समिती ठरवणार होती. यादीतून नाव गेलं की भराव पडणार.

"जुना डेटा ते बघणारच नाहीत, क्रांती," ती म्हणाली. "लास्ट दोन सीझन, बस. त्यांचा सर्व्हे म्हणतो की पक्षी येतच नाहीत. रोजची नोंद ठेवणारा माणूस एकच होता, तुझे बाबा. तू फक्त प्रतिज्ञापत्रावर सही कर की या नोंदी खऱ्या आहेत. शुक्रवारपर्यंत."

मी हो म्हटलं. बाबांच्या नोंदी खऱ्या आहेत यावर सही करायला मला विचार करावा लागला नाही.

मी दहा वर्षांची असतानाची गोष्ट. हौसेराव नावाचा एक कामगार आमच्या दारात येऊन उभा राहिला होता. मित्र कामावर नसताना त्याने त्याचं कार्ड पंच केलं होतं, आणि बाबांनी ते वर कळवलं होतं.

"सितारामभाऊ, एका दिवसाचा प्रश्न. त्याची बायको दवाखान्यात होती. तुम्ही डोळा झाकला असता तर कुणाचं काय गेलं असतं?"

"हौसेराव, जो आला नाही तो आला, असं कसं लिहू?"

हौसेराव गेला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत, पण कळवलेलं मागेही घेतलं नाही. रोज सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, त्यांचा आवाज किंचित जड व्हायचा. की मलाच तसं वाटायचं.

सोमवारी मी शेवटच्या रजिस्टरला हात घातला. २६ जानेवारी २०२४. सकाळी साडेअकरा. पूर्ण ओहोटी. कुरव १,१४०.

मी ओळ उतरवली आणि थांबले. आदल्या दिवशी पौर्णिमा होती. मूल गेल्यानंतर मी पहिल्यांदा घराबाहेर पडले होते ती त्याच संध्याकाळी, बाबांबरोबर विहारात जायला. आणि भरतीचा हिशेब मला येतो. देवजीकाकांनी तो बाबांना शिकवला, बाबांनी मला. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. पौर्णिमेला शून्य धरायचं, म्हणजे बारा; प्रतिपदेला पाऊण. म्हणजे त्या दिवशी साडेअकराला पाणी भरत आलं होतं. कासवी बुडालेली होती. बुडालेल्या बेटावर अकराशे चाळीस पक्षी.

पुढच्या ओळी तपासल्या. कुठे वेळ जुळत होती, बहुतेक ठिकाणी नव्हती. मग मी आधी उतरवलेल्या पानांमध्ये १,१४० हा आकडा शोधला. तो सापडला. २६ जानेवारी २०१५. सकाळी साडेअकरा. पूर्ण ओहोटी. त्या दिवशी सप्तमी होती, भरती पहाटे सव्वापाचला, म्हणजे ओहोटी साडेअकराच्या सुमारास; तिथे सगळं बरोबर होतं. शेवटच्या दोन हिवाळ्यांची प्रत्येक ओळ नऊ वर्षांपूर्वीच्या त्याच तारखेवरून जशीच्या तशी उतरवलेली होती.

मंगळवारी द्वितीया होती, ओहोटी सकाळी साडेसातची. मी साडेसहाला तळवलीच्या धक्क्यावर पोचले. देवजीकाका होडीतलं पाणी डब्याने बाहेर टाकत होते.

"आलीस? मना वाटलं, त्या फोटोवाल्यांसारखी नवाला येशील, उन्हं डोक्यावर आल्यावर."

"तुम्ही साडेसहा म्हणालात ना काका, म्हणून साडेसहाला आले."

"मोजनीशेटची पोर शोभत नायस मग. तो साडेपाचला येऊन मना शिव्या घालायचा." ते हसले. बाबांना ते मोजणीशेट म्हणत; बाबांना ते आवडत नसे, म्हणूनच म्हणत. "बस बाय. मधी बस, नायतर दोगं पान्यात."

तिवरांमधून होडी बाहेर पडल्यावर मी विचारलं.

"काका, शेवटची दोन वर्षं बाबा बेटावर येत होते?"

"येत होता म्हंजे? एक खाडा नाय. तापात पन आला. मी म्हनायचू, अरे काय हाय तिकडं, घरी झोप. तर म्हनायचा, देवजी, ते आले आनि मी नसलो तर?"

"आणि पक्षी?"

देवजीकाकांनी वल्हं पाण्यात तसंच धरून ठेवलं. "पयल्या साली आठ-धा आले. मग ते पन नाय."

"का?"

"मना काय म्हाईत? गाळ बदललाय. पयले पाय घातला तर किडा वळवळायचा, आता वास येतो नुसता."

"पण वहीत हजार-अकराशे लिहिलेत, काका."

"ते तुज्यासाठी."

मला समजलं नाही. म्हणजे, समजायला थोडा वेळ लागला.

"तू सातला फोन लावाचीस," ते सांगत राहिले. "हा आमच्या ओट्यावर चा पीत बसलेला. पावनेसात झाले की जुनी वही काढाचा, तारीख शोधाचा, नि नवीन वहीत उतरवाचा. मी म्हनलं, अरे नुसतं सांग ना फोनवर, लिवाचं कनाला? तर म्हनतो, लिवलेलं नसलं तर माज्या तोंडातून येत नाय. मंग तुजा फोन वाजाचा."

मी पाण्याकडे पाहत राहिले. होडीच्या तळाशी डबा इकडून तिकडे घरंगळत होता.

कासवी उघडी पडली होती. ओला, काळा, गुळगुळीत गाळ. कडेला बगळ्यासारखी एक ढोकरी उभी होती. ती इथलीच, तिची हजेरी बाबा घेत नसत. बाबांच्या दुर्बिणीतून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मग उलट पाहिलं. बाबा दोनदा मोजत.

"आता काय करनार?" देवजीकाकांनी विचारलं. शुक्रवारचं त्यांना माहीत होतं. भराव पडला तर धक्का जाणार होता, आणि धक्क्याबरोबर त्यांची होडी.

"माहीत नाही."

"मी सांगतू. सई कर नि मोकली हो. कोन येतंय मोजायला? त्यानं तुज्यासाठी लिवलं, तू बेटासाठी लिव."

"ते आलेच नाहीत, काका."

"मना म्हाईत हाय. मी काय आंदला हाय?" ते एकदम चिडले, आणि होडी वळवली. धक्क्यावर उतरताना त्यांनी हात दिला, नेहमीसारखा.

दुपारी मी दोन्ही वर्षांच्या ओळी पुन्हा शेजारी ठेवून पाहिल्या. बाबांना तिथी कोणाला विचारावी लागत नसे. ओहोटीची खरी वेळ घालणं त्यांना एका मिनिटाचं काम होतं, आणि मग मला कधीच कळलं नसतं. त्यांनी वेळाही तशाच ठेवल्या. एक खोटं त्यांच्या हातून लिहिलं गेलं. ते झाकायला लागणारं दुसरं नाही लिहिता आलं. आणि ते पहिलंही मी रोज सात वाजता मागून घेत होते. कधी एकदा म्हटलं असतं, बाबा, मीपण येते उद्या बघायला. कामोठ्याहून तळवली किती लांब आहे?

नमिताला फोन केला.

"बारा हिवाळ्यांची रजिस्टरं देते. शेवटची दोन नाही."

"अगं, तीच तर हवीत! ती नसली तर त्यांचा सर्व्हेच खरा ठरेल."

"तो खराच आहे."

ती म्हणाली, "काहीतरी एस्टिमेट काढू या ना. अगदीच नाही असं कसं असेल?"

"आज सकाळी पाहून आले, नमिता. दोनदा मोजलं."

"म्हणजे बेट गेलं."

"हो."

"ठीक आहे," ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "तू टेन्शन घेऊ नकोस." टेन्शन घेण्याजोगं काही उरलं नव्हतं, हे तिलाही कळत असावं.

बारा हिवाळ्यांच्या वह्या मी पिशवीत भरून दाराशी ठेवल्या. समिती त्या उघडणारही नाही. शेवटचं रजिस्टर टेबलावरच राहू दिलं. त्यात बाबांच्या ओळी मार्चअखेरीला संपत होत्या. खाली अर्धं पान कोरं होतं. मी लिहिलं: २० जानेवारी २०२६. सकाळी साडेसात. पूर्ण ओहोटी. कुरव नाहीत.

अक्षर त्यांच्यासारखं आलं नाही. लिहून झालं तेव्हा सात वाजत होते. सवयीने मी फोन हातात घेतला, आणि ठेवून दिला.

उद्या तृतीया. भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सव्वाआठच्या सुमारास. निघताना देवजीकाकांनी विचारलं होतं, उद्या येनार काय. मी हो म्हटलं होतं. काय दिसणार ते दोघांनाही माहीत होतं.