पट्टीला लावलेलं कुंकू

कडा गावात केसरबाईच्या तोंडाला लागायच्या भानगडीत शहाणा माणूस पडत नसे. भाजीवाला तिला बघूनच भाव कमी करून सांगायचा. नवरा अर्जुनराव, बाहेर चार माणसांत मिशीला पीळ देऊन बोलणारा गडी, घरात तिच्यापुढं 'हां, बरंय, तसं करू' एवढ्यावर दिवस काढायचा. पण या बाईची एक गंमत होती. तिला कुणाविषयी मनातून माया दाटून आली, की तिचं तोंड दुप्पट चालायचं. आता हे नव्यानं घरात आलेल्या पोरीला कसं कळावं?

ती पोरगी म्हणजे तेजश्री, केसरबाईच्या मुलाची, शिवशंकरची बायको. लग्नाला वर्ष होत आलं होतं. अंगानं बारकी, बोलायला कमी, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. केसरबाई तिला उठता बसता काही ना काही ऐकवायची, भाकरी जाडच झाली, केसच नीट बांधले नाहीत, तव्यावरचं लक्षच उडालं. आणि शेजारणीकडं गेली की मात्र तासभर सुनेचंच कौतुक. एकदा तर त्या बिचारीनं हात जोडले, 'बाई, कळलं आता, तुमची सून हुशार हाय!'

घराच्या पुढच्या खोलीत शिवशंकरचं ऑनलाइन सेंटर होतं. सातबारा, पीकविमा, पोरांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं तिथंच. पण कॉम्प्युटर म्हणजे कहर! सकाळी बटण दाबून माणूस नाक्यावर चहा पिऊन आला तरी पडद्यावर ते चक्र आपलं फिरतंच असायचं. त्यात शिवशंकरला आष्टीला नोकरी लागली, तो रोज सकाळच्या एसटीनं जायला लागला, आणि सेंटरवर बसायचं कुणी हा प्रश्न उभा राहिला. अर्जुनरावांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं, बहिणीचा पोरगा बजरंग बसेल. घरात बायकोचं ऐकणाऱ्या या माणसानं दुकान तेवढं आपल्या हातात ठेवलं होतं.

जेवताना तेजश्री सासऱ्यांना म्हणाली, "मामा, मी बसू का सेंटरवर?"

अर्जुनरावांचा घास हातातच राहिला. "त्या डबड्यावर? शिवा वैतागला, तिथं तू काय करणार?"

"डबडं नाही ते. आतली डिस्क जुन्या जातीची आहे, चकती फिरते तिच्यात. आता नवी निघालीय, एसएसडी. पट्टीसारखी असते, आत काही फिरत नाही. ती बसवली आणि तिच्यावर विंडोज नव्यानं टाकलं, की हाच कॉम्प्युटर पळायला लागेल. मी करते."

"चालल्यालं यंत्र उघडायचं कावून?" केसरबाईनं लगेच तोंड घातलं. "उघडून बसली अन् मोडलं तर? लोक हसत्याल. गप घरात बस."

खरं सांगायचं तर केसरबाईला सून खुर्चीवर बसलेली बघायची लई हौस होती. पण पोरीचं चारचौघांत हसं झालं तर काय, या भीतीनं तिचा जीव खालीवर होत होता, आणि भीती वाटली की ती नेहमी रागावूनच बोलायची. तेजश्रीनं खाली मान घालून भात कालवला. सासूला आपलं बसणं नको आहे, एवढंच तिच्या ध्यानात आलं.

अर्जुनरावांनी थोडा विचार केला. माणूस वाईट नव्हता, फक्त हट्टी होता. "असं कर," ते म्हणाले, "रविवारी सेंटर बंद असतंय. माझ्यासमोर बसव ती पट्टी. बजरंगालाबी बोलावतो. जमलं तर सोमवारपासून खुर्ची तुझी. तुझ्या हातून चुकलं, तर बजरंग बसंल अन् तू पुन्यांदा विषय काढायचा न्हाई. कबूल?"

"कबूल," तेजश्री म्हणाली.

शनिवारी पार्सल आलं. बोटाएवढी लांब, पापडाएवढी पातळ अशी ती पट्टी. केसरबाईनं लांबूनच नाक मुरडलं, "एवढंसं? अन् त्याच्यात समदं गाव मावणार?"

पण रविवारी सकाळी तेजश्री अंघोळीला गेली, तशी केसरबाईनं टेबलावरच्या डबीतून पट्टी हळूच उचलली आणि देवघरात नेली. तिच्या घरात नवी वस्तू देवापुढं ठेवल्याशिवाय वापरायची पद्धतच नव्हती. विहिरीवरची मोटार असो, मिक्सर असो, नाहीतर शिवाची गाडी असो, हळदकुंकवाशिवाय कुणाची सुटका झाली नव्हती. मग सुनेचं सगळं नशीब जिच्यावर टांगलेलं, ती पट्टी तशीच कशी बसवायची? तिनं नुकतंच निरंजन लावलं होतं. बोटाला तेल होतं, त्याच बोटानं तिनं कुंकू कालवलं. आता लावायचं कुठं? पट्टीवर सगळीकडं अक्षरं. अक्षरावर बोट ठेवायचं नाही, सरस्वती असते तिथं. एका टोकाला मात्र बारीक सोनेरी दात होते, एका रांगेत, ठुशीच्या मण्यांसारखे. ही बघ जागा, असं म्हणून तिनं तिथंच हळद लावली, वर कुंकू लावलं आणि हात जोडले. "देवा, पोरगी चांगली हाय. मी तिला कायबी बोलते, तू तिकडं ध्यान देऊ नगंस. तिच्या हाताला यश दे." आणि पट्टी होती तशी डबीत ठेवून ती स्वयंपाकघरात येऊन बसली.

मग बैठक भरली. शिवशंकर त्या रविवारीही आष्टीला कामावर गेला होता. खुर्चीवर अर्जुनराव, बाकावर पाय हलवत बजरंग, आणि आतल्या दाराशी सुपात हरभरे घेऊन केसरबाई. तेजश्री आली ती घाईतच. बजरंगाच्या काहीतरी बडबडीला उत्तर देता देता तिनं डबी उघडली, पट्टी मदरबोर्डावरच्या खाचेत सरकवली आणि स्क्रू पिळला. जुन्या डिस्कची वायर तिनं काढून ठेवली.

"ती कावून काढली?" अर्जुनरावांनी विचारलं.

"त्यात गावाची सगळी कागदं आहेत मामा. चुकून तीच पुसली जायला नको."

अर्जुनरावांनी मान डोलावली. पोरीला समजतंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं आणि केसरबाईचे हरभरे निवडणारे हात भराभर चालायला लागले.

पेनड्राइव्ह लावला, कॉम्प्युटर सुरू झाला. भाषा विचारली, अटी विचारल्या, तेजश्री पुढं पुढं गेली. मग विंडोज कुठं टाकायचं असं विचारणारी खिडकी आली. खिडकीतली यादी रिकामी होती. एकही डिस्क नाही.

तेजश्रीनं पुन्हा यादी काढली. रिकामी. बंद करून चालू केलं, कॉम्प्युटर सुरू होतानाच्या, बायोसच्या सेटिंगमध्ये शिरली, एक एक पान बघून आली. पट्टीचा कुठं पत्ता नाही.

"वैनी, चा पिऊन येऊ का आमी?" बजरंग म्हणाला आणि स्वतःच हसला.

"तू गप बस बे," अर्जुनराव त्याच्यावर खेकसले, पण त्यांचीही चुळबुळ सुरू झाली होती.

तेजश्रीनं नगरच्या आपल्या कॉम्प्युटरच्या सरांना फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर ठेवला. सर म्हणाले, "सेटिंग बरोबर असेल तर पट्टी काढून बघ. टोकाला सोनेरी पिना असतात, तिथून सगळं चालतं. तिथं धूळ, हाताचं तेल, काही चिकटलेलं असलं तरी डिस्क दिसत नाही."

केसरबाईच्या हातातलं सूप खाली आलं. हरभरे फरशीवर घरंगळले.

अगं बाई! सोनेरी दात! आता काय करावं? उठून सांगावं? पण सांगितलं तर काय म्हणतील सगळे? हिलाच नको होती पट्टी, हिनंच मुद्दाम काहीतरी चोपडलं. आठ दिवस हीच बाई 'मोडंल, मोडंल' म्हणत होती ना? जगानं म्हणावं, जगाची तिला पर्वा नव्हती. पण तेजश्रीला तसं वाटलं तर? तोंडाला लगाम नसलेल्या त्या बाईची जीभ अशी टाळ्याला चिकटली की सुटेना.

तेजश्रीनं स्क्रू काढला, पट्टी बाहेर घेतली आणि उजेडाकडं धरली. सोनेरी पिनांवर हळदकुंकू होतं. मग तिनं वळून दाराकडं बघितलं. सासूची आणि तिची नजरानजर झाली. केसरबाईनं मान खाली घातली. आता हिच्या तोंडून आपलं नाव निघणार, म्हणून ती डोळे मिटून बसली.

"काय हाय गं?" अर्जुनरावांनी विचारलं. "पट्टीच खराब निघाली का?"

तेजश्रीनं पट्टी मुठीत धरली. "नाही मामा. पट्टी चांगली आहे. माझंच चुकलं. बसवायच्या आधी मी पिना बघायला पाहिजे होत्या."

"म्हंजी चूक तुझी?"

"हो. माझीच."

अर्जुनरावांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांचा आवाज नरम होता, आणि ते जास्त वाईट होतं. "खरं बोललीस, बरं वाटलं. पण पोरी, ठरल्यालं ते ठरल्यालं. लोकांची कामं अस्त्यात, तिथं हातून चुकून चालत न्हाई. बजरंगा, उद्यापासून तू ये. अन् तू वाईट वाटून घेऊ नगंस, तेजश्री."

तेजश्रीनं मान हलवली. एवढंच. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण सासूकडं तिनं दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही.

केसरबाई उठली. हरभरे तुडवत खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"तिची चूक न्हाई," ती म्हणाली. "त्या पट्टीला कुंकू मी लावलंय."

"काय लावलंस?"

"कुंकू. हळदकुंकू. सकाळी देवापुढं नेलती. तिला कायबी ठाव न्हाई."

बजरंगाचं पाय हलवणं थांबलं. अर्जुनराव खुर्चीत ताठ झाले. "आत्ता गं! तुला नको होतं म्हणून असं करायचं व्हय?"

जे ऐकायची धास्ती होती तेच कानावर आलं, आणि केसरबाईचा बांध फुटला. "मला नको कसं आसंल? अवो, मला ही पोरगी त्या खुर्चीवर बसल्याली बघायची हाय! मला भ्या वाटतंय म्हणून मी वरडते. माझं तोंडच तसं हाय, त्याला मी काय करू? तिला यश यावं म्हणून मी कुंकू लावलं, अन् तीच माझं पाप आपल्या डोक्यावर घिऊन खुर्ची सोडाया निघाली. तुमाला कळतंय का कायी?"

अर्जुनरावांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि शेवटी वर्षानुवर्षं जे म्हणत आले तेच म्हणाले, "हां. बरंय."

तेजश्रीनं ड्रॉवरमधून खोडरबर काढलं होतं. सोनेरी पिना त्यानंच साफ करतात. पण तिचा हात चालेना. सासूनं लावलेलं कुंकू, पुसायचं कसं? केसरबाईनं तिच्या हातातून रबर घेतलं. "आण हिकडं. लावलं मी, काढीन मी. कसं घासू ते सांग."

"हळू. एकाच दिशेनं."

केसरबाईनं जीभ दातांत धरून एक एक दात असा घासला, जणू तान्ह्या पोराचं नाक पुसते आहे. पट्टी पुन्हा खाचेत गेली. कॉम्प्युटर सुरू झाला, पडद्यावरच्या खिडक्या एकेक करून पुढं सरकल्या, आणि त्या रिकाम्या यादीत एक ओळ उमटली.

"ती बघा!" बजरंगच ओरडला. "आली की वैनी!"

त्यानंतर कुणी जागेवरून उठलं नाही. विंडोज चढलं, कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला, आणि पडदा असा चटकन उघडला की अर्जुनराव खुर्चीवरच दचकले. त्यांनी तो बंद करायला लावला, पुन्हा चालू करायला लावला. मग उठून खुर्ची तेजश्रीकडं सरकवली. "बस," ते म्हणाले. "चूक तुझी नव्हतीच. बजरंगा, तुला सेंटरवर काम लागलं तर हिच्या हाताखाली मिळंल. चालंल का?"

"पळंल की," बजरंग म्हणाला.

संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात होत्या. केसरबाईनं चहा गाळला, एक कप सुनेपुढं ठेवला आणि समोर बसली.

"एक इचारू?" ती म्हणाली. "ते कुंकू बघून तुला काय वाटलं?"

तेजश्रीनं कपाचा कान बोटानं फिरवला. "खरं सांगू आत्याबाई? वाटलं, तुम्हाला मी तिथं बसायला नकोच आहे."

"मुद्दाम केलं, असं?"

"हो. थोडा वेळ वाटलं."

"अन् तरीबी माझं नाव घेतलं न्हाईस? हातची खुर्ची चाललीती तुझ्या!"

"खुर्ची काय, दुसरीकडं मिळाली असती. मामांपुढं, बजरंगभावजींपुढं तुमची मान खाली गेली असती, ती मला परत वर करता आली नसती."

केसरबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"मी न्हाई गं असं केलं असतं," ती म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर समद्या आळीला वरडून सांगितलं असतं."

"माहितीय मला," तेजश्री म्हणाली, आणि दोघींना एकदमच हसू फुटलं.

हसू ओसरल्यावर केसरबाईनं तिचा हात धरला. "माझं चुकलं तर सांगत जा बाई. आतल्या आत सोसू नगंस. मनातलं मला वळखाया येत न्हाई, तोंडावर बोलल्यालं तेवढं कळतंय."

तेजश्री जरा घुटमळली. "मग सांगू?"

"सांग की."

"तुम्ही माझ्या चहात साखर लई घालता. वर्ष झालं, मी तसाच पितेय."

केसरबाईनं तिच्यापुढचा कप उचलला, एका दमात स्वतः पिऊन टाकला, आणि गॅसवर नवं आधण ठेवलं.