गुरुवारवाला

स्टामाटिसने डावी बाही कोपराच्या वर सारली, हात आडवा धरला आणि मनगटापासून वर वाफाळलेले पाव एकाला एक चिकटवून मांडत गेला. उजव्या हाताने त्यांत सॉसेज टाकले, लाकडी पट्टीने मोहरी फिरवली, वर खिम्याचा गडद मसाला, मग बारीक चिरलेला कांदा आणि शेवटी चिमूटभर सेलरीचं मीठ. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहराच्या या भागात वीनर असेच भरतात, हातावर. वाफेने त्याच्या त्या हातावरचे केस कधीच झडून गेले होते. पोस्टातली माणसं गल्ल्यापाशी उभी होती. त्यांच्यापुढे बश्या सरकवून त्याने भिंतीकडच्या शेवटच्या स्टुलाकडे पाहिलं.

स्टूल रिकामं होतं. त्यावर कॉलेजातल्या एका मुलीने आपली पिशवी ठेवली होती. तिने वीनर न म्हणता "दोन हॉटडॉग" मागितले तेव्हाच ती बाहेरगावची आहे हे कळलं होतं. स्टामाटिस फडकं घेऊन तिथे गेला, पिशवी उचलून तिच्या पायाशी ठेवली आणि स्टूल पुसलं.

"कोणी येतंय का इथे?" मुलीने विचारलं.

"गुरुवार आहे," तो म्हणाला. एवढ्याने तिला काही कळणं शक्य नव्हतं, पण तो फडकं घेऊन परत फिरला होता.

तो माणूस सलग तिसऱ्या गुरुवारी आला नव्हता.

दुकानात गिऱ्हाइकांना नावं नसत. 'सहा आणि तिखट बटाटे' होते, 'दोन, कांदा नको' होती, आणि गुरुवारचा हा माणूस म्हणजे 'तीन, सगळं घालून, आणि कॉफी-दूध'. दुपारची गर्दी ओसरली की यायचा. अंगावर करडा कोट, उन्हाळ्यातसुद्धा. टोपी गुडघ्यावर ठेवायचा, एकेक वीनर सावकाश खायचा आणि मग गोड कॉफी-दुधाचा पेला पुढ्यात घेऊन चार-साडेचारपर्यंत बसून राहायचा. निघताना म्हणायचा, "गुरुवारी." वीस-एक वर्षांत याहून फारसं काही बोलला नव्हता.

बोलायचा तो स्टामाटिस. त्या वेळी दुकानात काम नसायचं. कांदा चिरता चिरता तो त्याला सगळं सांगत असे. मोडलेल्या साखरपुड्याचं, आईच्या दुखण्याचं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या कुत्र्याचं, ग्रीसमध्ये, पिरियसला परत जाऊन राहावं की काय या विचाराचं. तो माणूस मान हलवायचा. मान हलवण्याचेही प्रकार होते. दुःखाच्या गोष्टीला एक, मूर्खपणाच्या गोष्टीला वेगळा. मूर्खपणाच्या गोष्टीला तो आधी डोळे मिटून घ्यायचा.

आई गेली तेव्हा स्टामाटिस आठवडाभर कामावर आला नव्हता. परत आला त्या गुरुवारी त्या माणसाने पहिला घास घेण्याआधी विचारलं होतं, "झोपेत गेली का?" स्टामाटिसने हो म्हणून सांगितलं. ते खरं नव्हतं. त्या माणसाने मान हलवली आणि त्या दिवशी दुकानाच्या खुर्च्या उलट्या ठेवेपर्यंत तिथून उठला नाही. तेवढा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नव्हता. वूलानेही नाही, आणि वूला तर मालकाची बहीण, तीस वर्षं गल्ल्यावर बसून त्याच्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसत आलेली.

शनिवारी सकाळी वूलानेच वर्तमानपत्र त्याच्यासमोर धरलं. मृत्यूंचं पान ती रोज सगळ्यात आधी वाचत असे.

"हा तुझा गुरुवारवाला ना रे?"

फोटो पुष्कळ जुना होता. केस काळे, मिश्या दाट. पण मान किंचित तिरकी धरली होती, ती तशीच. खाली नाव होतं, अडेलिनो फुर्टाडो. दागिन्यांच्या कारखान्यात आयुष्यभर काम केलेले, मागे पत्नी नातेर्सिया आणि मुलगी लिडिया. अंत्यदर्शन रविवारी दुपारी, नदीपलीकडे ईस्ट प्रॉव्हिडन्सला.

स्टामाटिसने ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग तो रविवारी दुपारची सुट्टी मागू लागला, तेव्हा वूलाने चष्मा खाली केला.

"जाऊन करणार काय तू तिथे? दारात विचारतील, कुठली ओळख म्हणून. काय सांगशील? तीन, सगळं घालून?"

त्याने ते पान घडी करून खिशात घातलं. तेव्हा वूला म्हणाली की जायचंच असेल तर तो निळा टाय नको घालूस, लग्नाला आल्यासारखा दिसतोस.

रविवारी त्याने हात लिंबाने घासले, मग साबणाने, मग पुन्हा लिंबाने. आईच्या अंत्यविधीला शिवलेला सूट पोटावर ताणला जात होता. बसमध्ये तो उभाच राहिला, चुण्या पडू नयेत म्हणून.

आत फुलांचा आणि मेणबत्त्यांचा गरमसर वास कोंडला होता. माणसं पोर्तुगीजमध्ये हळू आवाजात बोलत होती. रांग शवपेटीपर्यंत जात होती आणि तिथून वळून घरच्या माणसांपुढून बाहेर पडत होती. स्टामाटिसची पाळी आली तेव्हा तो पेटीसमोर गुडघे टेकून बसला. अडेलिनो फुर्टाडोच्या बोटांत जपमाळ गुंफली होती. कोट करडा नव्हता, काळा होता, त्यामुळे क्षणभर आपण चुकीच्या माणसाकडे आलो असं त्याला वाटलं. त्याने आपल्या ग्रीक पद्धतीने, उजव्या खांद्याकडून डाव्याकडे क्रूसाची खूण केली. मागच्या म्हाताऱ्या बाईने ती पाहिली आणि शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं.

मुलगी दरवाजापाशी उभी होती. पस्तिशीची, बापासारखीच मान तिरकी. तिने हात पुढे केला आणि पप्पांबरोबर कारखान्यात होतात का म्हणून विचारलं. स्टामाटिस म्हणाला की नाही, दुकानातली ओळख. रांग पुढे सरकत होती, तेव्हा तिने जास्त विचारलं नाही.

विधवा ओळीच्या शेवटी खुर्चीत बसली होती. तिचे पाय सुजलेले होते. हात हातात घ्यायला स्टामाटिस बराच वाकला, आणि तो काही बोलण्याआधीच तिचा हात ताठ झाला. तिने मान वर केली आणि अगदी उघडपणे, दोनदा, हवा हुंगली.

"लिडिया," ती म्हणाली, "मला पाणी आणून दे. थंड."

मुलगी गेली तशी तिने त्याचा हात आणखी घट्ट धरला.

"तुम्ही तिचे कोण? भाऊ की नवरा?"

"कोणाचा?"

"मला फसवू नका. हाच वास. जिरं, दालचिनी आणि कांदा. दर गुरुवारी त्याच्या कोटाला यायचा. ती मसाल्यात जिरं घालते एवढंच मला तिच्याबद्दल माहीत आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "तिला यायचं धाडस नाही झालं, म्हणून तुम्हाला पाठवलं का?"

स्टामाटिस तसाच वाकलेला राहिला. पाठ दुखू लागली तेव्हा तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या कडेवर टेकला. मागची माणसं त्या दोघांना वळसा घालून जाऊ लागली.

"बाई, मी वीनर विकतो," तो म्हणाला. "ऑल्नीव्हिलच्या चौकात. ते दर गुरुवारी तिथे यायचे."

"आणि तिथून कुठे?"

"कुठे नाही. तिथेच बसायचे. चार-साडेचारपर्यंत."

"कोणाबरोबर?"

"एकटेच."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तो खोटं बोलत नाही हे तिला पटलं असणार, कारण थोड्या वेळाने तिने नजर काढून घेतली आणि पलीकडे शवपेटीकडे लावली.

"काय खायचा?"

"तीन. मोहरी, मसाला, कांदा, सगळं घालून."

"कांदा?"

"भरपूर. वरून आणखी मागायचे."

"घरी मी चाळीस वर्षं कांद्याशिवाय रांधलं," नातेर्सिया म्हणाली. "पोटाला सोसत नाही म्हणायचा."

तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण ते हसू नव्हतं. स्टामाटिसला वाटलं होतं की हे ऐकून तिच्या जिवाला बरं वाटेल. बाई नव्हती, कधीच नव्हती. पण ती खुर्चीत आणखी खचली होती. त्याने आपली टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"म्हणजे नुसता बसायचा," ती म्हणाली.

"हो."

"बसायला घरी खुर्ची होती की. खिडकीपाशी. मी स्वतः तिचं कापड बदललं."

एखादी बाई असती तर बरं झालं असतं, असं त्याला खरंच वाटून गेलं. तिचं नाव-गाव सांगून, ती मेली म्हणून सांगून, माफी मागून तो निघून गेला असता.

"मी तिचं नाव ओतिलिया ठेवलं होतं," नातेर्सिया सांगू लागली. समोर बघतच, एखाद्या ओळखीच्या बाईबद्दल सांगावं तसं. "शिव्या द्यायच्या तर नाव लागतं. ती जाड आहे, हे मी ठरवलं होतं. दात पुढे. आवाज मात्र गोड, नाहीतर हा गेला नसता. गुरुवारी दुपारी मी स्वयंपाकघरात एकटी असायचे आणि तिच्याशी भांडायचे. मोठमोठ्याने. तिला सांगायचे की बघ, त्याचा सदरा मीच इस्त्री करून पाठवलाय तुझ्याकडे. कधीकधी तर लिडियाच्या लग्नाबद्दलही तिलाच विचारलं. दुसरं होतं कोण?"

कोणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवून पुटपुटलं आणि पुढे गेलं.

"आज दोघं गेली म्हणायची," ती म्हणाली.

स्टामाटिसने मान हलवली. मान हलवण्याची सवय त्याला नव्हती. ती त्याची त्यालाच परकी वाटली.

मग तिने विचारलं, "माझ्याबद्दल बोलायचा कधी?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. ते त्याच्या जिभेवर आलं होतं. पण तिने इतकी वर्षं जी गोष्ट मनाने रचली होती ती त्याने नुकतीच मोडली होती. त्या जागी स्वतःची एक आणून ठेवायला त्याचं मन धजेना.

"ते बोलायचेच नाहीत, बाई. मी बोलायचो."

तिने पहिल्यांदाच सबंध वळून त्याच्याकडे पाहिलं.

"अजिबात नाही?"

"निघताना 'गुरुवारी' म्हणायचे. बस."

"मला वाटायचं, घरात बोलत नाही म्हणजे सगळे शब्द तिकडे खर्च करून येत असेल." तिने रुमाल उलगडला आणि परत घडी केला. कपाळावरची एक शीर, जी एवढा वेळ फुगलेली होती, ती हळूहळू निवली. "म्हणजे नव्हतेच त्याच्याकडे."

"नसावेत."

"आणि तुम्ही काय सांगायचात त्याला एवढं?"

हा प्रश्न स्टामाटिसच्या अपेक्षेत नव्हता. साखरपुड्याचं आठवलं, पिरियसचं आठवलं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"माझी आई झोपेत गेली असं मी त्यांना सांगितलं होतं. ती तशी गेली नाही. तीन दिवस तिला श्वास घेता येत नव्हता. सांगायचं राहून गेलं."

नातेर्सियाने डोळे मिटून घेतले आणि मान हलवली, थोडी तिरकी करून. चाळीस वर्षांत ही लकब तिने नवऱ्याकडून उचलली होती, की नवऱ्याने तिच्याकडून, ते स्टामाटिसला कळायला मार्ग नव्हता.

लिडिया पाण्याचा पेला घेऊन परत आली. तिने खुर्चीच्या कडेवर बसलेल्या परक्या माणसाकडे पाहिलं, मग आईकडे. स्टामाटिस घाईने उठू लागला, तेव्हा म्हातारीने त्याची बाही धरली.

"बसा, नीट बसा. कडेवर नको," ती म्हणाली. आणि मुलीला: "हे पप्पांचे मित्र. त्यांना मागे कशाला उभं करायचं?"

"पप्पांचे मित्र?" लिडिया म्हणाली.

"हो. नाव विचार त्यांना. मी विचारायची राहिले."

त्याने नाव सांगितलं. लिडियाने ते दोनदा विचारून बरोबर म्हटलं, आणि पेला आईच्या हातात देऊन आपल्या जागेवर गेली.

रांग अजून पुष्कळ होती. कारखान्यातली माणसं आली, चर्चमधल्या बायका आल्या. मुलीशी हात मिळवून ती विधवेपुढे वाकत आणि तिच्यापासून सरळ पुढे स्टामाटिसपाशी येत, कारण तो घरच्यांच्या ओळीत बसलेला होता. एका जाडजूड माणसाने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि फार वाईट झालं म्हणाला. स्टामाटिस गोंधळून अर्धवट उठला. हा घोटाळा आहे, असं सांगायला त्याने तोंड उघडलं, पण तो माणूस निघून गेला होता. मागोमाग एक बाई आली, रडून डोळे लाल झालेली. तिने त्याला मिठीच मारली आणि विचारलं की अगदी जवळचे का तुम्ही.

"गुरुवारी भेटायचो," स्टामाटिस म्हणाला. त्याचा आवाज फाटला, तेव्हा त्याने तोंड बाजूला वळवलं.

त्यानंतर जे कोणी आले, त्या प्रत्येकापुढे तो उभा राहिला, हात पुढे केला आणि आभार मानले.