आज्ञार्थ

चोच असलेला तो प्लास्टिकचा पेला — फिकट पिवळा, दोन्ही बाजूंना कान, वर घट्ट झाकण — नर्सने म्हातारीच्या पसरलेल्या तळव्यांवर ठेवला, आणि तळवे तसेच राहिले. बोटं मिटली नाहीत. पेला कलंडला, घरंगळत पलंगाच्या कठड्याला टेकला, चोचीतून चहा थेंब थेंब चादरीवर उतरू लागला, आणि तरीही ते दोन हात तसेच पुढे, करंगळीला करंगळी लावलेले, किंचित थरथरणारे... मागणारे हात असे नसतात, मुक्ताला वाटलं. मागणाऱ्या हातांची ओंजळ होते. हे सपाट होते.

"दिवसभर असंच. काहीतरी मागते," नर्स चादर पुसत म्हणाली. "टॉवेल देऊन पाहिला, जपमाळ दिली. काही घेत नाही. आणि घास जवळ नेला की ओठ मिटून घेते."

पलंगाच्या दुसऱ्या बाजूला म्हातारीची मुलगी बिर्गिट उभी होती. ती आईकडे पाहत नव्हती. मुक्ताकडे पाहत होती.

म्हातारी म्हणजे फ्राऊ हुबर, मुक्ताच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहणारी. मूळची कोरियन. साठच्या दशकात परिचारिका म्हणून जर्मनीत आली, रेल्वेत काम करणाऱ्या इथल्याच माणसाशी लग्न केलं, नमस्काराला इथल्यासारखंच 'ग्र्यूस गोट' म्हणू लागली. मुक्ताच्या नवऱ्याला, राजसला, कारच्या कारखान्यात नोकरी लागली, रेगेन्सबर्गमध्ये घर मिळालं, आणि सामानाची खोकी उघडायच्या आतच ही बाई तिखट कोबीची बरणी घेऊन दारात उभी. बरणी रिकामी कशी परत द्यायची म्हणून मुक्ताने तिच्यात कैरीचं लोणचं भरून दिलं, आणि मग ती बरणी जिन्यातून खाली-वर होतच राहिली. तिचं स्वतःचं नाव ओक-बुन. ओक तर आमच्याकडे आडनाव असतं, माहेरी आमचे शेजारी ओकच होते, असं मुक्ता म्हणाली तेव्हा म्हातारी खळखळून हसली होती — "मग काय, मी तुमची शेजारीणच!"

मार्चमध्ये तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू हळूहळू सावरली, पण चाळीस वर्षं बोललेली जर्मन गेली ती गेलीच. ती बोलत होती, भरपूर बोलत होती, आणि ते कुणालाच कळत नव्हतं. बिर्गिटला वाटलं, कोरियन असेल. तिला स्वतःला कोरियन येत नव्हती. जर्मन मुलीला एक भाषा पुरे, असं आईचंच म्हणणं. शेवटी न्यूर्नबर्गहून एक कोरियन पाद्री आला, खुर्चीत बसला, ऐकत राहिला आणि म्हणाला, "ही आमची भाषा नाही. ही जपानी आहे." मग थोडं थांबून — "त्यांच्या वयाच्या लोकांना शाळेत दुसरी भाषाच नव्हती."

काल संध्याकाळी बिर्गिट हे सगळं दारात उभ्याउभ्याच सांगत होती. "आमच्या घरात जपानी वस्तू आलेली तिला चालायची नाही, मुक्ता. वडिलांनी एकदा कॅमेरा आणला, तर त्याच दिवशी परत करायला लावला. तिला ती भाषा येते हेच मला माहीत नव्हतं." आणि मग, अगदी हळू : "तुला येते ना?"

येते. येते म्हणजे... पुण्यात शोभनाताईंच्या वर्गात, सकाळच्या कोवळ्या उन्हात, ती भाषा माझ्या अंगावर उतरली होती, आणि मला पहिल्यांदाच वाटलं होतं की आपलं असं काहीतरी आपल्याला मिळालंय — आईने निवडलेलं नाही, मार्कांनी ठरवलेलं नाही, आपलं. अक्षरांची ती वळणं, वाक्याच्या शेवटी हलकेच ठेवलेलं क्रियापद, पाहुण्यापुढे पाट मांडावा तसं. दुसऱ्याला किती उंच बसवायचं आणि स्वतः किती खाली उतरायचं याची ती बारीक व्यवस्था. आपल्या अहो-जाहोच्या पुढे कितीतरी पायऱ्या! पुढे एका कंपनीत मुक्ता दुभाषी झाली, आणि जपानहून आलेले साहेब म्हणायचे, तुमचं बोलणं ऐकून आमच्या आजीची आठवण येते. आज्ञार्थाचा धडा शोभनाताईंनी अगदी शेवटी घेतला होता, घाईघाईत. "हे रूप माहीत असू द्या फक्त. तुम्हाला लागायचं नाही."

आणि आजोबा... मुक्ता जपानी शिकते याचा सगळ्यात जास्त अभिमान शरदचंद्र आजोबांना. "रशियाला लोळवलं त्यांनी! आशियाने युरोपला मारलेली पहिली थप्पड." ती थप्पड मारणारा हात पुढे कुणाकुणाच्या गालावर पडला, ते आजोबा सांगत नसत. त्यांना माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं? शाळेच्या पुस्तकात एक ओळ होती — कोरिया जपानने आपल्या राज्याला जोडला. जोडला. डबा गाडीला जोडावा तसा. मांचुरियाला असंच काहीतरी एक क्रियापद होतं, नानकिंगला दुसरं. अगदी अंदमानातसुद्धा ते तीन वर्षं होते, हेर म्हणून पकडलेल्या आपल्याच माणसांचे त्यांनी हाल हाल केले, पण अंदमान म्हटलं की आपल्याला इंग्रजांची कोठडीच आठवते. त्या तीन वर्षांसाठी मनात जागाच ठेवलेली नाही. परवा बातम्यांत चिनी तरुण जपानी वकिलातीवर दगड फेकताना दाखवले, जपानमधल्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकावरून. राजस म्हणाला, "युद्ध संपून साठ वर्षं झाली अगं, अजून काय?" आणि मुक्तानेही मान डोलावली होती.

तिने खुर्ची पुढे ओढली आणि वाकून ऐकलं.

आवाज म्हातारीचा नव्हता. उंच, घासून पुसून स्वच्छ केलेला, वर्गात उभं राहून म्हणायचा आवाज. आधी एक प्रतिज्ञा — आम्ही महान साम्राज्याची प्रजा आहोत, आम्ही मन एकवटून सम्राटांची सेवा करू — एका दमात, एकही शब्द न अडखळता. मग नाव. "कानेमोतो तामाको." मुक्ताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पुन्हा तेच. कानेमोतो तामाको, हजर. हे कुठलं नाव... आणि मग लक्षात आलं, हेही तिचंच. जपान्यांनी शाळेत दिलेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर राजसने अंगठीने लिहिलं होतं, अरुंधती, आणि सगळे हसले होते, टाळ्या वाजल्या होत्या, मीसुद्धा हसले... नाही. याची त्याच्याशी तुलना नाही करायची. ते नाव सासूबाईंशिवाय कुणी घेत नाही, आणि मुक्ता म्हणून हाक मारली तर मला कुणी मारत नाही.

"सेन्सेई," म्हातारी म्हणाली, आणि आता आवाज खाली आला. "बाई, माफ करा. मी ओम्मा म्हटलं नाही. मी ओकाआसान म्हटलं. पुन्हा नाही म्हणणार. बाई, माफ करा. पुन्हा नाही म्हणणार."

ओकाआसान म्हणजे जपानीत आई. ओम्मा... ओम्मा म्हणजे काय हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

आणि हात पुढेच होते. सपाट. छडीसाठी.

ही बाई काही मागत नव्हती. कुणीतरी येऊन मारावं आणि हे संपावं, म्हणून थांबली होती. आणि ते संपेपर्यंत जेवायचं नसतं.

मुक्ताच्या लेकीने, अन्वीने, पहिल्यांदा जिन्यातून हाक मारली होती, "ओमा!" — इथली सगळीच मुलं आजीला म्हणतात तसं — तेव्हा वरच्या पायरीवर म्हातारी गपकन थांबली होती, तिने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि मगच खाली. मुक्ताला ते गमतीचं वाटलं होतं. आणि मी जपानीची दुभाषी होते हे सांगितलं, वर दोन वाक्यं बोलून दाखवली, कौतुकाच्या अपेक्षेने — त्यानंतर कितीतरी दिवस बरणी खाली आली नव्हती. मला वाटलं, लोणचं खारट झालं असेल.

आज सकाळी अन्वी टेबलाशी बसून म्हणाली, "मिल्श, बिटे." मराठीत सांग. "मिल्श." मराठीत सांग, मग मिळेल. पोरीचे डोळे भरून आले तरी मुक्ताने दुधाचा कप आपल्याच हातात धरून ठेवला होता... माझं प्रेम होतं त्यामागे. भाषा टिकावी म्हणून. त्या शाळेतल्या बाईंनाही तसंच वाटलं असेल का — चांगलं वळण लागतंय पोरींना? तिने हा विचार झटकला. तो पुरता गेला नाही.

बिर्गिटने तिला बाहेर नेलं. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी फुलदाणीत ठेवलेली ट्युलिप्स होती, खिडकीपलीकडे डॅन्यूबचं भुरकट पाणी.

"काय म्हणते ती? माझ्याबद्दल विचारते?"

खोटं सांगता आलं असतं. लहानपणची गाणी म्हणते, असं. मुक्ताच्या जिभेवर तसं वाक्य आलंही.

"ती शाळेत आहे," ती म्हणाली. "आपल्या भाषेत आईला हाक मारली म्हणून तिला शिक्षा व्हायचीये. हात त्यासाठी पुढे केलेत."

बिर्गिटने फुलदाणीतलं एक गळलेलं पान उचललं, बोटांत चुरगाळलं.

"डॉक्टर म्हणतात, सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर पोटात नळी घालायची. ती स्वतः नर्स होती, मुक्ता. नळी नको, एवढं एकच ती आयुष्यभर बजावत आली." मग तिने वर पाहिलं. "तुझं ऐकेल ती. त्या भाषेतलं. तू सांग तिला खायला."

"मी सांगितलं तर मी कोण होईन, कळतंय का तुला?"

"गेनाऊ, अगदी तेच," बिर्गिट म्हणाली. "मला कळतंय मी काय मागते आहे. तरी मागते आहे."

आत सूप आणून ठेवलं होतं. गाजराचं, पातळ. मुक्ताने चमचा भरला आणि तिला येत असलेल्या सगळ्यात सुंदर जपानीत, शोभनाताईंच्या जपानीत, साहेबांना आजी आठवायची त्या जपानीत म्हणाली — कृपा करून थोडं ग्रहण करावं. म्हातारीने पाहिलंसुद्धा नाही. मुक्ताने आणखी हळुवार, आणखी खाली उतरून सांगितलं. काही नाही. जणू खोलीत कुणी बोललंच नव्हतं... आणि मग तिला समजलं. या बाईशी त्या भाषेत असं कधी कुणी बोललंच नाही. मुक्ता त्या भाषेच्या दिवाणखान्यात वावरली होती. ही दाराबाहेर, अंगणात, उन्हात उभी होती. एकच भाषा. आणि आतलं बाहेर ऐकू जात नव्हतं.

तिने चमचा खाली ठेवला. पाठ ताठ केली. कधीच लागायचा नव्हता तो धडा घशातून वर येताना तिला जाणवला.

"कानेमोतो!"

म्हातारी दचकली. डोळे खाली.

"ताबेनासाई." खा.

"हाय," म्हातारी म्हणाली. होय बाई. आणि तोंड उघडलं.

ती भराभर खात होती. चावत नव्हती, चव घेत नव्हती, चमचा यायच्या आत तोंड उघडत होती, नजर खाली, हात मात्र अजून तसेच. हनुवटीवर सूप ओघळत होतं. बिर्गिट भिंतीला टेकून रडत होती, आणि रडता रडता "डांके, डांके" म्हणत आभार मानत होती, आणि मुक्ताला दिसत होतं की आपला हात जराही थरथरत नाहीये. किती सोपं होतं हे. आवाज किती तयार होता. कुठे होता इतके दिवस?

वाडगा रिकामा झाला. आता उठावं, जावं... पण ते हात. आजचं खाणं झालं तरी हे हात उद्यापर्यंत असेच राहणार. विनंती यांना ऐकू जात नाही. मग दुसरं काय आहे माझ्याजवळ? जे आहे ते हेच.

"हात खाली घे," तिने फर्मावलं. हात चादरीवर उतरले. "शिक्षा नाही. शाळा सुटली. घरी जा."

म्हातारीने पहिल्यांदाच मान वर केली. मुक्ताच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं — फसवणूक आहे का, हेच बहुधा.

"जाऊ, बाई?"

"जा."

तिने डोळे मिटले. मग, घासून स्वच्छ केलेला तो आवाज बाजूला ठेवल्यासारखं, एका वेगळ्याच, खडबडीत, घरगुती आवाजात ती काहीतरी बोलली. लांबलचक. मध्येच हसली. कुणाला तरी काही सांगत होती, तक्रार होती की गंमत होती कोण जाणे.

"काय म्हणते?" बिर्गिटने विचारलं.

"हे मला येत नाही," मुक्ता म्हणाली.

दोघी ऐकत राहिल्या. ज्यांना कळलं असतं त्यातलं कुणी तिथे नव्हतं.

निघताना बिर्गिटने तिचा हात धरला. "उद्या दुपारी येशील?" मुक्ताने हो म्हटलं की नुसती मान हलवली, ते तिला पुलावर आल्यावर आठवेना. दगडी पूल उन्हात न्हाला होता, अन्वीला किंडरगार्टनमधून आणायला अजून अवकाश होता. पुलाच्या मध्यावर तीन जपानी मुली उभ्या होत्या, विशीच्या असतील, एकमेकींच्या टोप्या सारख्या करत. एकीने कॅमेरा पुढे धरून मोडक्या इंग्रजीत विचारलं, फोटो काढाल का? अशा वेळी मुक्ता नेहमी जपानीत उत्तर देई. त्यांचे विस्फारणारे डोळे, ते 'अय्या' म्हणणं, कुठून आलात, कशा शिकलात — तिला ते फार आवडायचं. आजही वाक्य तोंडात तयार होतं. तिने कॅमेरा घेतला. मुली एकमेकींना बिलगल्या. यांनी काय केलंय? यांना कदाचित तेवढंच माहीत असेल, जेवढं मला काल माहीत होतं. किती गोड हसत होत्या. अजून आवडतेय मला ही भाषा, तिने स्वतःला सांगून पाहिलं, आणि ते खरं होतं, आणि त्या खऱ्याच्या खाली आता कुणीतरी हात पुढे करून उभं होतं.

जरा जवळ या, एवढंच सांगायचं होतं. तोंड उघडलं तर कुठलं रूप बाहेर पडेल, याची तिला खात्री वाटेना. उद्या दुपारी त्या खोलीत जायचं, पाठ ताठ करायची, आणि रोज एका माणसाला जगवण्यासाठी... किती दिवस? आणि तो आवाज मग घरी येणारच नाही, दुधाच्या कपाशी, हे कुणी सांगावं?

मुली थांबल्या होत्या. मुक्ताने काही न बोलता, मोकळ्या हाताने त्यांना जवळ यायची खूण केली.